दोघांपुरता चुना

१

ताईचा दिवस चुन्यानं सुरू व्हायचा. सकाळी सातला संस्थेच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या लांब टेबलावर ती जुनं वर्तमानपत्र पसरायची, हातभर उंचीचा डबा उघडायची आणि त्यात पांढरे दाणे ओतायची. थोडे ओतायचे, डबा दोन्ही हातांनी टेबलावर आपटायचा, पुन्हा थोडे ओतायचे. दाणे घट्ट बसले नाहीत तर श्वास मधूनच वाट काढतो, आणि असा न गाळलेला श्वास पाण्याखाली माणसाला गुंगी आणतो. म्हणून या कामाला ती दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायची नाही. तिचा नवरा सायकली दुरुस्त करायचा आणि त्याच्या जिभेला लगाम म्हणून नव्हता. तो म्हणायचा, "जग एकमेकांना चुना लावतं, आमची ही एकटीच स्वतःसाठी भरून घेते."

ताई मासे मोजायची. सरकार तिला त्याचा पगार द्यायचं, याचं तिच्या माहेरच्यांना अजून नवल वाटायचं. आता साध्या सिलिंडरनं श्वास घेत पाण्यात उतरलं, की प्रत्येक उच्छ्वासाला बुडबुड्यांचा गडगडाट होतो आणि मासे पार पसार होतात. मग मोजायचं काय, खडक? म्हणून तिच्या पाठीवर रीब्रीदर असायचा. संस्थेत सगळे त्याला 'पेटी' म्हणत. छातीवर दोन रबरी पिशव्या, तोंडात नळी. सोडलेला श्वास बाहेर जातच नाही. तो चुन्याच्या डब्यातून गाळून निघतो, शरीरानं जेवढा ऑक्सिजन खाल्ला तेवढाच एक छोटी झडप 'टक्' करून आत सोडते, आणि तोच श्वास परत छातीत येतो. बुडबुडा नाही, आवाज नाही. एकच श्वास दोन तास पुरवून वापरायचा, हे ताईच्या काटकसरी स्वभावाला फार मानवलं होतं.

पाण्यातले तिचे जोडीदार म्हणजे मास्तर. साठीला टेकलेले. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण नियम सांगायची हौस दांडगी, म्हणून हे नाव पडलं. उतरण्याआधी होडीवर पाच मिनिटं पेटीतूनच श्वास घेऊन बघायचा, हा एक नियम. वर निघण्याआधी बरोबरच्या प्रत्येकाकडे तोंड करून 'वर चला' अशी अंगठ्याची खूण करायची, हा दुसरा. "आणि ज्याला खूण केली," मास्तर दर वेळी बोट उगारून सांगायचे, "तो घरी पोचेपर्यंत आपली जबाबदारी. विसरायचं नाही."

ताई कशाला विसरतेय? होडीवर पाऊल ठेवलं की ती आधी घरी फोन करायची आणि नऊ वर्षांच्या लेकीला दोनच शब्द सांगायची, "वर आले." लेक स्वयंपाकघरातल्या फळ्यावर वेळ लिहून ठेवायची. त्यावर बरोबरची खूण करायची. एवढ्यावर घर सुखात चाललं होतं.

२

किनाऱ्यापासून अर्ध्या तासावर, तीस मीटर खोल, खडकाची एक लांब कपार होती. दहा वर्षांपूर्वी तिथली मासेमारी बंद केली होती आणि ताईनं पहिल्या वर्षापासून तिथले मासे मोजले होते. दहाव्या वर्षाची मोजणी झाली की बंदी कायम ठेवायची की उठवायची, ते ठरणार होतं. हंगामात चार बुड्या. चारही झाल्या तरच मोजणी धरली जाणार, नाहीतर दहा वर्षं पाण्यात. हा विनोदही मास्तरांचाच.

दोन बुड्या छान झाल्या होत्या. तिसरीलाही सगळं बेतात होतं. दोघं कपारीशी पोचले, मास्तर उजवीकडे वळले, ताई तिच्या जागी अधांतरी स्थिर झाली आणि पाटीवर पेन्सिलीनं रेघा मारू लागली. ओठ फाटलेला एक भलामोठा मासा कपारीतून डोकावला. ताई त्याला 'म्हातारी' म्हणायची. दर वर्षी म्हातारी तिच्या डोळ्यांवरच्या काचेसमोर येऊन डोळ्यांत डोळे घालायची. आज आली, पण तिची नजर ताईच्या डाव्या खांद्याच्या पलीकडे होती.

टक्. टक्.

ताईनं पेन्सिल थांबवली. ती नुसती तरंगत होती, हात-पाय हलवत नव्हती. अशा वेळी झडप आळसावते. आज तिची लगबग चालली होती, जसं काही ताई चढण चढते आहे. आणि एकदा, फक्त एकदा, तिनं श्वास सोडून पुढचा घेण्याआधीच छातीवरच्या पिशव्या किंचित आत बसल्या.

होडीवर येऊन तिनं ऑक्सिजनच्या बाटलीचा काटा पाहिला. दोन तासांनी तो दोनशेवरून दीडशेवर यायचा. दहा वर्षं येत होता. आज तो एकशे पंधरावर होता.

"गळती," मास्तर म्हणाले.

"गळतीच," ताई म्हणाली. तिचं डोकं जरा ठणकत होतं. तिनं घरी फोन लावला आणि नेहमीचे दोन शब्द सांगितले.

३

पेट्या तपासायचं काम एका बाईंकडे होतं. त्या सदान्‌कदा भिंगातून बघायच्या, म्हणून त्यांना सगळे भिंगबाई म्हणायचे. त्यांनी पेटी रात्रभर हवा भरून ठेवली. सकाळी दाब तसूभरही उतरला नव्हता.

"गळती नाही," भिंगबाई म्हणाल्या. "आणि असती तरी हे कसं झालं असतं, सांग बरं?" त्यांनी चुन्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला.

हे दाणे श्वास पिऊन पिऊन पांढऱ्याचे जांभळे होतात. दोन तासांच्या बुडीनंतर तळाचा तिसरा हिस्सा तरी पांढरा राहायला हवा. टेबलावर सगळा जांभळा ढीग पडला होता. एक दाणा पांढरा नव्हता.

"ऑक्सिजन गळून जाऊ शकतो," भिंगबाई म्हणाल्या. "पण चुना गळतीनं संपत नाही, ताई. तो कुणी श्वास सोडला तरच संपतो. तुझा चुना शेवटी संपलाच होता. अजून दहा मिनिटं खाली राहिली असतीस तर डोकेदुखीवर भागलं नसतं."

"मीच धापा टाकत असेन."

"टाकत होतीस?"

ताई दुपारी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला सरकत्या पट्ट्यावर पळवलं, छाती ऐकली, रक्त घेतलं. सगळं उत्तम होतं. पोटात कुणी आहे का, तेही तपासून झालं. नव्हतं. "तुमच्या वयाच्या मानानं फुप्फुसं दृष्ट लागण्यासारखी आहेत," डॉक्टर म्हणाले. एरवी या वाक्यावर ताईनं नवऱ्याला आठवडाभर पिडलं असतं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "भूक वाढली असेल तुझी. हवेचीसुद्धा."

लेक हसली. ताईही हसली. फळ्यावर कालची वेळ होती आणि तिच्यापुढे बरोबरची खूण. ताई त्या खुणेपाशी जाऊन थांबली. दहा मिनिटं. भिंगबाई सहज म्हणून गेल्या होत्या, पण तेवढ्यानं फळ्यावर कालची जागा कोरीच राहिली असती.

४

प्रत्येक बुडीचा आलेख पेटी स्वतःच काढून ठेवते. ताईनं कार्यालयात दार लोटून तो उघडला. एक रेघ खोलीची, एक ऑक्सिजनची. खाली जाताना दोन्ही नेहमीसारख्या. कपारीशी पोचल्यावर ऑक्सिजनची रेघ एकदम दुप्पट तिरकी झाली होती. चढत नव्हती, डळमळत नव्हती, बरोबर दुप्पट. आणि ताईनं मास्तरांना खूण केली, दोघं वर निघाले, त्या क्षणी ती पुन्हा पूर्वीसारखी झाली होती.

तिनं पहिल्या दोन बुड्यांचे आलेख काढले. तिथंही कपारीशी रेघ वाकत होती, पण दुसऱ्या बुडीत पाचच मिनिटं आणि पहिल्या बुडीत जेमतेम एक. काट्यावर ते कळलंही नसतं. एक मिनिट, पाच मिनिटं, ऐंशी मिनिटं.

जसं कुणी आधी चाचपून बघावं आणि मग सवय झाल्यावर बसावं, असं तिच्या मनात आलं. ते तिनं झटकलं. ती मोजणारी बाई होती. जे मोजता येतं त्यावर तिचा विश्वास. पण गंमत अशी की हे मोजता येत होतं.

मास्तरांनी आलेख पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. "शेवटची बुडी माझी पेटी घेऊन कर. तुझी मी घेतो. बिघाड असला तर माझ्या वाट्याला येईल."

"आणि नसला तर?"

"तर जाऊच नकोस. मोजणी गेली उडत. तुझी पोर लहान आहे."

ताईनं पेटी बदलायचं कबूल केलं. न जायचं मात्र कबूल केलं नाही. दहा वर्षांत कपारीतले मासे तिपटीनं वाढले होते. एका बुडीपायी ते सगळं जाळ्यात द्यायचं, हे तिला पटेना. शिवाय, खरं सांगायचं तर, तिला भीती वाटत होती तेवढीच एक चीडही होती. माझ्या हिशेबात न विचारता कोण आलं?

मग तिनं आपल्या स्वभावाप्रमाणे केलं. कागद घेतला आणि दोघांचा हिशेब मांडला. तीन तासांचा चुना. कपारीशी ऐंशी मिनिटांऐवजी चाळीसच राहायचं, एकूण बुडी दीड तासाची. कपारीतली चाळीस दुप्पट धरली तरी पाऊण तासाहून जास्त चुना उरत होता. कुणी असो की नसो, पुरत होता.

सकाळी डबा भरताना तिनं तो नेहमीपेक्षा दोनदा जास्त आपटला. दोघांपुरता चुना भरतोय, असं स्वतःशीच म्हणाली. आणि तसं म्हटल्यावर तिला का कोण जाणे, जरा बरं वाटलं. पाहुणा येणार हे माहीत असलं की निदान धांदल होत नाही.

५

पाणी त्या दिवशी असं नितळ होतं की होडीवरून ताईला स्वतःची सावली खाली उतरताना दिसली. कपारीशी पोचल्यावर तिनं घड्याळ पाहिलं. मास्तर उजवीकडे वळले.

टक्. टक्.

पेटी मास्तरांची होती. झडप वेगळी होती. लगबग तीच. ताईनं डोळे मिटले, उघडले, आणि पाटीवर पहिली रेघ मारली.

भीतीची एक गंमत आहे. तिला काम दिलं की ती गप्प बसते. दहा मिनिटांत ताई मोजण्यात बुडून गेली. म्हातारी आली, डाव्या खांद्यापलीकडे बघत राहिली, निवांतपणे गेली. कपारीतून एकामागून एक मासे निघत होते. एवढे तिनं कधी पाहिले नव्हते. चाळिसाव्या मिनिटाला पाटी भरली, दोन वेळा मोजली, दोन्ही वेळा तोच आकडा. दहा वर्षं पूर्ण झाली होती. ताईचं मन इतकं भरून आलं की काचेच्या आत डोळे ओले झाले, आणि ते पुसायची सोय नव्हती.

तेवढ्यात वरून चंदेरी माशांचा थवा उतरला. बोटाएवढे मासे, हजारोंनी. बुडबुडे नसले की हे थवे माणसाला बुजत नाहीत. आपल्याभोवती हातभर जागा सोडतात आणि दोन्ही बाजूंनी वाहत जातात, आणि आपण माशांच्या भिंतीतल्या माणसाच्या आकाराच्या खिडकीत उभे असतो. ताईला हे फार आवडायचं. तिनं सावकाश डावीकडे मान वळवली.

तिच्या शेजारी दुसरी खिडकी होती.

तिच्याएवढीच उंच, खांद्यापाशी रुंद, खाली निमुळती. मासे तिच्या कडेनं वळत होते, पलीकडे पुन्हा एकत्र येत होते. आत काही नव्हतं. आत पाणी होतं, आणि पाण्यापलीकडे कपार स्पष्ट दिसत होती. छातीच्या उंचीला मात्र ती मोकळी जागा जराशी फुगत होती आणि जराशी आकसत होती.

ताई ओरडली नाही. तोंडात नळी असताना ओरडता येत नाही. तिची नजर घड्याळावर गेली, वेळ झाली होती. मास्तर समोर आले. तिनं मास्तरांकडे तोंड करून वर चला अशी खूण केली. त्यांनी उलट खूण केली. आणि मग, वीस वर्षांच्या सवयीनं म्हणा, त्या भरल्या मनानं म्हणा, बरोबरच्या कुणालाही न मोजता सोडायचं नाही या तिच्या खोडीनं म्हणा, ताई डावीकडे वळली आणि त्या मोकळ्या जागेलाही तिनं तीच खूण केली.

थवा पांगला. नुसतं पाणी राहिलं.

६

"डावीकडे कुणाला खूण करत होतीस?" होडीवर मास्तरांनी विचारलं.

"सवय हो. हात आपोआप गेला."

नावाडी शिडीपाशी उभा होता. वर येणाऱ्यांना मोजायचं काम त्याचं. "खाली दोन, वर..." तो अडखळला. "वर दोन." तरी त्यानं शिडी उचलली नाही.

"काय रे, उचल ना," मास्तर म्हणाले.

"उचलतो, उचलतो. वाटलं, अजून कुणी चढतंय." तो ओशाळून हसला.

शिडी चढून होडीत बसेपर्यंत ताईनं पेटीतूनच श्वास घेतला होता. मास्तरांना उत्तर देण्याआधी तिनं नळी बंद करून तोंडातून काढली होती; आता तिनं काटा पाहिला. हिशेबानं तो एकशे पंचेचाळीसवर हवा होता. एकशे तीसवर होता. तिनं पेटीवर टॉवेल टाकला आणि फोन लावला.

"वर आले."

"झाली मोजणी?" लेकीनं विचारलं.

"झाली. सगळी झाली. उद्यापासून मी घरी, अख्खा आठवडा."

पलीकडून आनंदाची किंकाळी आली आणि ताईच्या मनावरचा भार खरोखर हलका झाला. पंधरानं काय होतं? श्वास पुरला होता. ती वर आली होती. मास्तरांची पेटी जुनी, त्यांच्यासारखीच खादाड असेल. पेटी तिनं धुतली, नळ्या वाळत टाकल्या. सुट्टीवर निघताना केवळ टापटिपीसाठी आलेख काढून फाइलला लावला. आधी तो बघायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. मग बघितला.

कपारीशी रेघ दुप्पट तिरकी झाली होती. तिनं खूण केली तिथं ती पूर्वीसारखी व्हायला हवी होती. झाली नव्हती. वीस मीटरवर दुप्पट. दहावर दुप्पट. शिडीवर दुप्पट. होडीवर ताईनं नळी बंद करेपर्यंत दुप्पटच होती.

ताईनं फाइल मिटली. मास्तर दारातून जात होते. त्यांना हाक मारावी असं तिला वाटलं. पण हाक मारून सांगायचं काय? त्यांचा नियम तिला पाठ होता.

७

सुट्टीचा चौथा दिवस. दुपारचं जेवण झालं होतं. नवरा बाहेरच्या खोलीत खुर्चीतच पेंगला होता, वाचता वाचता मासिक छातीवर पडलं होतं. आतल्या खोलीत जमिनीवर जाड गादी होती. भिंतीकडे लेक, तिच्या अलीकडे ताई, दोघींवर मिळून एक पातळ चादर. पडद्यातून पिवळं ऊन येत होतं. चार दिवसांत काहीएक झालं नव्हतं. घर नेहमीसारखं होतं, किंबहुना नेहमीपेक्षा शांत. सगळ्यांना गाढ झोप लागत होती. लेक म्हणाली होतीच, "आई, तू घरी असलीस की किती छान वाटतं गं, घर भरल्यासारखं."

ताई पडल्या पडल्या मोजत होती. मोजणाऱ्या माणसाला सुट्टी नसते. नवऱ्याचा श्वास शेवटी शिट्टी मारणारा, एक. लेकीचा छोटा, भरभर, दोन. स्वतःचा, तीन. तीन बरोबर. ती समाधानानं पेंगू लागली.

लेक झोपेतच सरकली. कुणी शेजारी येऊन पडलं की ती जशी कुरकुर न करता सरकते, तशी भिंतीला लागून. ताई जागची हलली नव्हती. दोघींच्या मध्ये एका माणसापुरती जागा झाली.

मधली चादर सपाट बसायला हवी होती.

ताईनं श्वास घेतला. चादर जराशी वर आली. ताईनं तो रोखून धरला, छातीत कळ येईपर्यंत, कानात ठोके पडेपर्यंत, आणि चादरही तेवढा वेळ तशीच वर राहिली. तिला लेकीला ओढून घ्यायचं होतं. पण ओढायचं म्हणजे त्या जागेवरून हात न्यायचा. शेवटी तिला श्वास सोडावाच लागला, आणि चादर सावकाश खाली गेली.

लेकीनं कूस बदलली. रोज आईच्या अंगावर टाकते तसा तिनं मिटल्या डोळ्यांनी हात टाकला, आणि ओठांवर झोपेतलं हसू आलं. हात मधल्या जागेवर पडला. तो गादीपर्यंत पोचला नाही.